भाताच्या टेबलामागची रांग

माझ्या वडिलांचे, आबांचे, कान कापडाच्या लूमने खाल्ले. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात त्या खडखडाटात त्यांची सगळी उमर गेली, आणि शेवटी शेवटी त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येईनासा झाला. मशिनचा आवाज बदलला की कारागीर पळत जातो, काय बिघडलं ते बघतो. आबांना बदललेला आवाजच कळेना. कापड बिघडायला लागलं. शेठने एक दिवस त्यांना घरी बसायला सांगितलं. खोली कारखान्याची होती, म्हणून खोलीही गेली.

आम्ही एक पेटी, एक गॅसची शेगडी आणि बुद्धाचा फोटो घेऊन कोसाडच्या वसाहतीत काकाकडे आलो. काका म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. त्याचं घर तळमजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरी आम्हाला मिळाली. जाळीला ताडपत्री बांधली, झालं आमचं घर.

काकी मेस चालवायची. आसपासच्या लूमवर काम करणारे आपल्याकडचे, धुळे-नंदुरबारकडचे गडी दोन वेळा जेवायला यायचे. माय आल्यापासून काकीला फुकटचे दोन हात मिळाले. माय सकाळी पिठात हात घालायची ते दुपारी गडी जेवून उठल्यावरच बाहेर काढायची. आम्ही सगळ्यांच्या नंतर जेवायचो. वरची तर्री पैसे देणाऱ्यांची, तळाचं पाणी आमचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गिऱ्हाईक आधी, हे मलाही कळत होतं.

माझी तक्रार दुसरी होती. आबा काकीचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठासमोर डोक्यावरचा पदर खाली येता कामा नये, आणि काकीचा पदर कधी खाली आला नाही. पदर घेऊन, हसत हसत, ती त्यांच्या ताटात भाकर टाकायची आणि म्हणायची, "खाय बैला, खाय. तुना बापनी पेंड शे."

आबांना वाटायचं, भावजय आग्रह करतेय. ते हसायचे आणि मान डोलवायचे.

पंगतीतले गडी भाकरी तोंडात धरून खिदळायचे. रोज जेवणाबरोबर त्यांना हा तमाशा फुकट होता. माय तव्यावरची भाकरी उलटायची. मी ताटं मांडायची. छप्पर त्यांचं होतं.

बारावीला मला चांगले मार्क पडले. शिष्यवृत्तीवर मी हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला गेले, कारण त्या कॉलेजातून पोरं थेट नोकरीला लागतात असं ऐकलं होतं. मला मॅनेजमेंटचं आकर्षण नव्हतं. मला आई-बापाला त्या गॅलरीतून बाहेर काढायचं होतं, आणि त्याला नोकरी लागते, आणि नोकरीला पदवी लागते. एवढं साधं गणित.

काकीला मात्र जन्मभराचा विषय मिळाला. वसाहतीतल्या बायका विहारातून परतताना दाराशी थांबल्या की ती सुरू व्हायची. "आपला आज्या-पणज्यांनी गावनं उष्टं उचलनं सोडी दिन्हं. आन् आमनी ही अंडेर! फी भरीसन ताटं उचलानं शिकस!"

अंडेर म्हणजे लेक. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हे बोलणं मला लागायचं, कारण त्यात खरेपणा होता. कॉलेजात पहिलं वर्षभर आम्हाला खरंच ताटं उचलायलाच शिकवलं.

काका कमी बोलायचा. त्याने एकदाच सांगितलं, "नापास व्हयनी ना, तर मायबरोबर पीठ मळाले बस. गॅलरीना भाडा तरी फिटी."

शेवटच्या वर्षाचं शेवटचं प्रॅक्टिकल असं होतं की प्रत्येकाने एका देशाचं पूर्ण जेवण करायचं, त्या देशाच्या पद्धतीने वाढायचं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाला त्या जेवणाचा इतिहास सांगायचा. यात नापास म्हणजे पदवी नाही. इटली, मेक्सिको, थायलंड हे देश आमच्या वर्गातल्या हिरे-कापडवाल्यांच्या पोरांनी आधीच वाटून घेतले होते. सुरतमध्ये त्यांचे पदार्थ गल्लोगल्ली मिळतात. उरला इंडोनेशिया.

आमचे शेफ सर म्हणाले, "इंडोनेशिया कोण घेणार? त्यांच्यात सुकी मच्छी, सडवलेलं सोयाबीन, सगळं वासाचं काम." मग माझ्याकडे वळून गुजरातीत म्हणाले, "तमने लोकोने तो वास चाले ने?"

'तमने लोकोने', तुम्हा लोकांना, म्हणजे कोणाला, हे वर्गात कुणी विचारलं नाही. सगळे हसले. मी म्हटलं, "चाले, सर."

आमचं कॉलेज शाकाहारी. अंडंसुद्धा गेटच्या आत येत नाही. म्हणजे मला त्या देशाचं जेवण त्याच्या मच्छीशिवाय, मटणाशिवाय, झिंग्याच्या चटणीशिवाय उभं करायचं होतं. मी वाचायला बसले आणि मला गंमत वाटायला लागली. त्यांच्या गाडो-गाडोवरचा सॉस कसा करतात? शेंगदाणे भाजायचे, लाल मिरची, लसूण, गूळ, चिंच, सगळं दगडावर वाटायचं. हा तर आमच्या मेसच्या भाजीचा दाण्याचा वाटण मसाला! फक्त ते उकडलेल्या भाज्यांवर ओततात आणि आम्ही रस्सा करतो.

पुढे वाचलं तर कळलं, दाणा ना त्यांचा ना आमचा. दाणा आणि मिरची पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतून जहाजावर घालून आणली. त्यांच्याकडे नूडल्स, टोफू, सोया सॉस चिन्यांनी नेले. बटाट्याची टिक्की डच साहेबांची. मटणाचे प्रकार अरबांचे. नारळाच्या दुधातल्या रश्शात आपल्याकडचे जिरे-धणे. आणि ते नेणारे आपल्याकडचे लोक गेले कुठून, तर आमच्याच सुरतच्या बंदरातूनही. इथून कापड जायचं, तिथून लवंग-जायफळ यायचं. ज्या लवंगेसाठी सगळं जग त्यांच्या दारात जहाजं घेऊन मारामाऱ्या करत होतं, ती लवंग ते लोक स्वतः बहुतेक सिगारेटमध्ये घालून ओढतात.

मी हे मेसमध्ये वाढताना सांगितलं. चूक केली.

"शेंगदाना फॉरेनना?" काकी पळी घेऊन उभी राहिली. "शेंगदाना आपला खान्देशना शे. मना बापना वावरमां पिकस."

"मिरची पण बाहेरची, काकी."

एक म्हातारा गडी म्हणाला, "दाना नही, मिरची नही, मंग आपला लोक पहिले काय खात व्हतात?"

पलीकडचा ताटातून मान वर न करता म्हणाला, "मार."

पंगत हसली. काकी पण हसली. मग तिला माझा राग आला असावा, की तिच्या मेसमध्ये माझ्या बोलण्यावर लोक हसले. ती म्हणाली, "तीन वरीस शिकनी आन् हाई शिकनी! बाकीना पोरी साहेब व्हतीस, हाई शेंगदाना मोजस."

इंडोनेशियात त्यांचं स्वतःचं म्हणता येईल असं एक होतं: टेम्पे. सोयाबीन भिजवून, चोळून साल काढायची, उकडायचं, कोरडं करायचं, त्यात एक विरजण मिसळायचं आणि केळीच्या पानात बांधून उबेला ठेवायचं. दीड-दोन दिवसांत त्याला पांढरी लव धरते आणि दाणे एकमेकांना घट्ट पकडून वडी होते. मग ती कापून तळायची. शाकाहारी परीक्षेत मटणाच्या जागी मांडायला माझ्याकडे हेच होतं. विरजणाची पुडी मी बाहेरून मागवली होती. दोन वेळा पुरेल एवढीच आली.

उतराण, म्हणजे आपली संक्रांत, नुकतीच झाली होती, हवेत गारठा होता. मी पुडकी मेसच्या भट्टीवरच्या फळीवर ठेवली, तिथे ऊब असते म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून आले तर पंगत बसलेली, आणि काकी एक पुडकं उघडून सगळ्यांना दाखवतेय.

"देखा! बुरशी! ढोरनं खानं कुजाडीसन मना भट्टीवर ठेवेल शे! मना गिऱ्हाईक मारशी का व?"

"काकी, ते तसंच असतं. ते परीक्षेचं आहे."

"कुजानी परीक्षा?"

तिने सगळी पुडकी उचलली, दाराबाहेर गेली आणि समोरच्या गटारात टाकली. एक एक करून टाकली. एकदम टाकली असती तर मी कदाचित विसरले असते. परत आली, हात धुतले आणि आबांच्या ताटात भाकर टाकत हसून म्हणाली, "तुनी अंडेरनं बारावं करी उनू, बैला."

आबांनी मान डोलवली.

माय पहिल्यांदा बोलली. तव्यासमोरून न हलता म्हणाली, "उरेल शे का विरजण?"

"एकदाचं आहे."

"मंग रडाले टाइम नही."

माय आणि मी पुन्हा सोयाबीन चोळलं. आता ठेवायचं कुठे? कॉलेजचं किचन बर्फासारखं, मेसमध्ये काकी. तेव्हा मायने पुडकी आबांच्या गोधडीत घातली. आबांना खुणेने सांगितलं: दाबू नका, सोडू नका. ते पुडकी कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संडासला गेले की गोधडी आत खोचून जायचे. जेवायला उठले नाहीत, तर माय ताट तिथेच द्यायची. ही बाप माणसाची राखण मी आयुष्यभर विसरणार नाही, पण ती गोड गोष्ट म्हणून सांगायची सोय त्या घराने ठेवली नाही.

कारण झालं असं: दुसऱ्या दिवशी पंगत भरली असताना गॅलरीतून आबांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपण किती जोरात बोलतो ते कळत नाही. अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं.

"तपनं व पोरी! गरम व्हयनं! जित्तं शे! जित्तं शे!"

लव धरायला लागली की टेम्पे आतून तापतं. ते खरंच जिवंत झालं होतं. मी धावत निघाले, तेवढ्यात काकी पंगतीत म्हणाली, "जेठ बाळंत व्हयना!"

"पोरगा का पोरगी?" एकाने विचारलं.

"सोयाबीन!"

गडी लोळायचे बाकी राहिले. आबा गॅलरीच्या दारात आले, हातात पुडकं, आणि सगळे हसताहेत म्हणून तेही हसले. सगळ्यांना आनंद झाला असं त्यांना वाटलं. त्यांनी मान डोलवली.

ती मान मी तेव्हा नीट बघून ठेवली.

टेम्पे झालं होतं. आता वाढण्याची पद्धत. शेफ सरांनी पुस्तकात चित्र पाहिलं होतं आणि त्यांना तेच पाहिजे होतं: डच लोकांचं भाताचं टेबल. साहेब मध्ये बसतो, समोर भात. मग नोकरांची रांग येते. प्रत्येक नोकराच्या हातात एकच पदार्थ. एक येतो, वाढतो, मागे सरतो, दुसरा येतो. जितका साहेब मोठा तितकी रांग लांब. ट्रस्टी जोडीने जेवायला येणार होते, सरांना थाट दाखवायचा होता.

पण रांगेत उभं कोण राहणार? वर्गातल्या पोरांनी सरळ सांगितलं, "अमे वेटर नथी, सर." तीन वर्षं वेटरचंच शिकून.

सर मला म्हणाले, "तुझ्या वसाहतीतल्या बायका आण. रोजी देऊ. एका रंगाच्या साड्या कॉलेज देईल, त्या त्यांनाच ठेवू दे."

मी घरी आले आणि काकीसमोर बसले. "काकी, एका दिवसाचं काम आहे. मोठे लोक, एसीचा हॉल. साडी मिळेल, परत द्यायची नाही."

"काय करनं पडी?"

"काही नाही. ताटं उचलायची नाहीत. हातात भांडं धरून उभं राहायचं."

तिला माझा संशय आला. पण साडी होती. आणि ट्रस्टी बघायला मिळणार होते. ती आणखी शेजारणी घेऊन आली. मायही येते म्हणाली. मायला मी आत तळणीवर ठेवलं. रांगेत ठेवलं नाही.

काकीच्या हातात मी दाण्याच्या सॉसचं भांडं दिलं. आणि तिला सगळ्यांत पुढे उभं केलं.

त्या दिवशी मी पिवळा भात केला होता, गाडो-गाडो, गोड सोया सॉसमध्ये परतलेलं टेम्पे, बटाट्याच्या टिक्क्या, नूडल्स, नारळाच्या दुधातला टोफू, झिंग्याविना मिरचीची चटणी, आणि शेवटी गूळ-खोबऱ्याची हिरवी घावनं. काकी गुलाबी साडीत, डोक्यावर पदर घेऊन आली. पहिल्या ट्रस्टी शेठने सॉस चाखला आणि खूश झाला. "अरे, आ तो आपणुं ज छे! गळ्युं!" सुरतेच्या माणसाला जेवणात गोडी सापडली की तो परका देश राहत नाही. त्याच्या बायकोने बोट वर न करता, नुसत्या नजरेने काकीला परत बोलावलं. मग परत. काकी ते जड भांडं या हातातून त्या हातात घेत होती. मी ते पाहिलं आणि भांडं हलकं दिलं नाही.

परीक्षक एक वयस्क बाई होत्या, मोठ्या हॉटेलांत आयुष्य काढलेल्या. त्या इंग्रजीत विचारत होत्या, मी इंग्रजीत उत्तरं देत होते. दाणा कुठला, मिरची कुठली, टिक्की कुठली, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सगळंच बाहेरचं. मग त्यांचं स्वतःचं काय?"

"टेम्पे त्यांचं," मी म्हटलं. "आणि बाकीचं ज्यांनी रोज दगडावर वाटलं त्यांचं झालं, मॅडम. आणणारे परत गेले."

"आणि हे टेबल?"

"हे त्यांचं नाही. गरीब माणूस तिथे भात आणि एखादं कालवण खातो. हे साहेबाचं. यात जेवण महत्त्वाचं नव्हतं, रांग महत्त्वाची होती." मी काकीकडे हात केला. हसत केला. "साहेबाला असे नोकर आवडायचे: देखणे उभे राहणारे, न बोलणारे, आणि आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते न कळणारे. बैलासारखे."

सगळे काकीकडे बघायला लागले. मी तिच्याकडे हात करून इंग्रजीत काही बोलतेय, मॅडम तिच्याकडे बघताहेत, म्हणजे कौतुकच चाललंय. काकी लाजली, पदर सावरला, हसली. आणि तिने मान डोलवली.

त्या ट्रस्टी शेठची बायको खळखळून हसली. तिला इंग्रजी येत होतं.

किचनच्या दारात माय उभी होती. मायला इंग्रजी येत नाही. पण ती मान तिला ओळखू आली.

परतताना बसमध्ये माय माझ्या शेजारी बसली. काकी पुढच्या सीटवर, गुलाबी साडीची घडी मांडीवर ठेवून. अमरोलीचा पूल आला. मग माय हळूच म्हणाली, "तू तिनीच अंडेर निंघनी."

"तिच्याच घरात वाढले ना," मी म्हटलं.

मायने खिडकीकडे तोंड केलं. तिला माझं पटलं नाही. तिचं न पटणं मला मान्य आहे. मला त्या दिवसाचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही, आणि वाटतं असं लिहिणं खोटं होईल.

काकीने त्या दिवसाची गोष्ट पुढे कित्येक दिवस पंगतीला सांगितली. "मना पुतनीनी सगळा मोठा लोकेसना समोर मनं नाव काढं. इंग्रजीमां!" गडी विचारायचे, "काय बोलनी?" ती म्हणायची, "मोठं बोलनी. बाई मनाकडे देखीसन हासनी." मी तिथेच वाढत असायची. मी कधी दुरुस्त केलं नाही. तिला ते तसंच राहू द्यावं, एवढी दया माझ्यात आहे. किंवा ती पण दया नसेल.

निकाल आला तेव्हा काका आबांना हाताने खुणा करून सांगत होता आणि आबांना कळत नव्हतं. मी गुणपत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद नाकाशी नेला, मग माझ्याकडे बघून ओरडून विचारलं, "जित्तं शे का?"

मी मान डोलवली.

त्या प्रॅक्टिकलला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. सुरतच्या एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये मी नोकरी करते. कतारगामला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत, आबांना खाट आहे, आणि माय फक्त आमच्यापुरतं पीठ मळते. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी मिळवणारी मी पहिली आहे.